सरांच्या छातीवरचा डबा

मला सर ‘स्विचिंग म्याडम’ म्हणायचे, आणि ते काही कौतुक नव्हतं.

बीदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं पॉलिटेक्निक होतं, खासगी संस्थेचं. मी गणित शिकवायची, ते इलेक्ट्रॉनिक्स. स्टाफरूममध्ये आमची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळं नोकरीची बरीच वर्षं मला त्यांचं तोंड बघण्यात काढावी लागली. बघण्यासारखं काही नव्हतं हो. उंच, वाळलेला माणूस, कानांवर केस, शर्टाच्या खिशात पेनाच्या जोडीला चार-पाच ट्रान्झिस्टर. ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे, तीन तारांचे पाय असलेले. ते पाय बोटाला टोचायचे म्हणून त्यांचे कपडे धुवायला घेताना वहिनी आधी खिसा उलटा करून झटकायच्या.

“माणसं दोन तऱ्हेची असतात, म्याडम,” ते सांगायचे. “एक लो-नॉईज, एक स्विचिंग. लो-नॉईज माणूस गप्प असतो. बारीक बोललेलं बी त्याला समजतं, पण त्याला हलायला येळ लागतो. स्विचिंग माणूस झटक्यात उघडतो, झटक्यात मिटतो, आन् दर खेपेला खट्ट वाजतो.”

“आणि मी कुठली?”

“तुम्ही स्विचिंग. माझं वाक्य अजून पुरं झालं न्हाई आन् तुम्ही विचारलात.”

स्टाफरूम खो खो हसली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, तर म्हणाले, “बघा, मिटल्या.” आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सगळ्या जगाचं त्यांचं मोजमाप हेच. बसचा कंडक्टर स्विचिंग. आमचा म्हातारा शिपाई लो-नॉईज, त्याला पाणी मागितलं की ते तास संपल्यावर यायचं. प्रिन्सिपॉलसाहेब त्यांच्या लेखी नुसताच नॉईज. स्वतःला मात्र ते कुठं बसवायचे ते कधी सांगितलं नाही. मी एकदा खोदून विचारलं, तर चहाच्या कपात बघत राहिले.

मला ट्रान्झिस्टरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्याकडूनच थोडंफार कानावर पडलं. बारीक आवाज मोठा करायचा असेल तर गप्प जातीचा ट्रान्झिस्टर लागतो, आणि झटपट उघडझाप करायची असेल तर चपळ जातीचा. एकाच अंगात दोन्ही गुण भरपूर मिळत नाहीत. हे पोरांना सांगताना ते फळ्याला पाठ लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, “गप्प ऱ्हायचं तर अंग मोठं लागतं. अंग मोठं झालं की हलणं मंदावतं. दोन्ही मला पायजे म्हणशील तर न्हाई मिळत, बाबा. किती गप्प आन् किती चपळ, ते तू ठरीव. ठरवायलास तवाच तू इंजिनिअर व्हायलास.”

हे वाक्य मला पाठ आहे, कारण तेव्हा त्यांना आवाज होता. आणि काय आवाज! ते मूळचे मंठाळकडचे, घरात मेंढरं राखायचा धंदा. शाळेची पायरी चढलेले घरातले पहिलेच. रानभर पसरलेली मेंढरं हाळी देऊन गोळा करणाऱ्यांच्या पोटी जन्मलेला माणूस, त्याला वर्गाच्या चार भिंती काय पुरणार? माझा वर्ग शेजारी. मी इंटिग्रेशन शिकवायची आणि माझी पोरं वहीत ‘कलेक्टर करंट’ लिहायची. एकदा माझं डोकं उठलं. तशीच खडू घेऊन त्यांच्या दारात गेले. म्हटलं, “सर, तुम्ही शिकवा, जरूर शिकवा, पण एका टायमाला एकाच वर्गाला शिकवा!”

“चुकलंच म्याडम, आता हळू बोलतो,” असं ते म्हणाले ते बसस्टँडवरच्या लोकांनीही ऐकलं असेल.

पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. आमच्याकडची पोरं म्हणजे घरात कन्नड, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. औरादच्या बाजूची असतील तर वर थोडं तेलुगू. पुस्तक मात्र इंग्रजीत. इतर मास्तर पुस्तक वाचून दाखवायचे आणि तास संपवायचे. सर कन्नडमध्ये सुरुवात करायचे, मराठीत समजूत घालायचे, दखनीत शिव्या द्यायचे आणि इंग्रजीत व्याख्या लिहून द्यायचे. संतपूरहून एस्टीला लोंबकळत येणारं पोर, ज्याच्या घरी साधा रेडिओही नव्हता, त्यालाही अॅम्प्लिफायर कळायचा. मग शेवटची परीक्षा झाली की ती पोरं पेटी उचलून हैदराबादला जायची, पुण्याला जायची. तेव्हा कंपन्या नव्यानं निघत होत्या, गावोगावचे हात ओढून घेत होत्या. दर उन्हाळ्यात एक बॅच बसमध्ये बसायची आणि गावातून कमी व्हायची. त्यांची स्वतःची लेकही तशीच पुण्याला गेली.

“आपण पोरं मोठी करून भाईर पाठवायलोय, म्याडम,” एकदा ते म्हणाले. “इथं मागं ऱ्हातो तो नुसता हिस्स.”

हिस्स हा त्यांचा आवडता शब्द. यंत्र चालू आहे पण कुणी बोलत नाही, तेव्हा स्पीकरमधून जो बारीक स्स्स येतो, तो हिस्स. लोकांना तो ऐकू येत नाही, किंवा आला तरी त्याचं काही वाटत नाही. सरांना तो चावायचा. लॅबच्या सामानासाठी एकदा मी त्यांच्याबरोबर हैदराबादला कोठीच्या बाजारात गेले होते, खरेदीला दोन माणसं लागतात असा संस्थेचा नियम म्हणून. मला वाटलं, यादी द्यायची, सामान घ्यायचं, बिर्याणी खायची आणि परतायचं. कसलं काय! या गृहस्थांनी पिशवीतून स्वतः बनवलेली एक फळकुटावरची जोडणी काढली, कानाला इयरफोन लावला आणि दुकानदारानं काढून दिलेला एकेक ट्रान्झिस्टर तिच्यात खोचून, डोळे मिटून त्याचा हिस्स ऐकायला लागले. मागं गिऱ्हाइकांची रांग. दुकानदार आधी हसला, मग वैतागला. “अरे साब, ट्रान्झिस्टर है, खरबूजा नक्को समझो! एकेक क्या बजा के देखरें?”

यांनी त्याला हातानंच थांबवलं. मला शरमेनं मेल्यासारखं झालं होतं. शेवटी त्यांनी माझ्या कानात इयरफोन दिला. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसला आवाज, पण फार लांबून.

“ह्यो सगळ्यात गप्प,” ते म्हणाले. “तरी बोलायलाय बघा. पुरं गप्प कुणीच नसतंय, म्याडम.”

बिर्याणी राहिली ती राहिलीच.

तर असा हा माणूस. आणि नेमका याचाच आवाज जावा! देवाला दुसरं कुणी दिसलं नाही. आमच्या स्टाफमध्ये गेला असता तर गाव सुखी झालं असतं असे निदान दोन आवाज मी मोजून दाखवले असते. आधी नुसता घोगरा झाला. सगळ्यांना वाटलं, खडूची धूळ. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कुणी सांगितलं म्हणून विड्याचं पानही झालं. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गळ्यातल्या दोन पट्ट्यांपैकी एक लुळी पडली आहे. कशानं, ते कुणाला सांगता येईना. परत येईल न येईल, तेही सांगता येईना.

सोलापूरहून आल्यावर स्टाफरूममध्ये ते माझ्यासमोर बसले आणि काहीतरी बोलले. मी म्हटलं, “काय?” पुन्हा बोलले. मी पुन्हा “काय?” म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी टेबलावरून पुढं वाकून सांगितलं, आणि ते एवढंच होतं, की चहा घेताय का. आवाज नव्हताच तो, फुटक्या सायकलपंपातून येते तशी हवा होती. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही.

त्याच सुमाराला कॉलेजचं रूप पालटत होतं. कॉम्प्युटरची नवीन शाखा आली, तिच्यासाठी नवीन खुर्च्या आल्या, आईबाप फीचे पैसे हातात घेऊन उभे. इलेक्ट्रॉनिक्सला पोरं कमी व्हायला लागली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बोलावून घेतलं. मी सोबत गेले, कारण सरांचं बोलणं साहेबांना ऐकू गेलं नसतं आणि साहेबांनी समजून घेतलं नसतं.

“सर, बच्चों को सुनना तो होना ना?” साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. “स्टोअर देखो आप. पगार वहीच. तकलीफ नक्को.”

स्टोअर म्हणजे मागच्या अंगाची खोली. मोडके ऑसिलोस्कोप, पाय तुटलेली स्टुलं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तिथं बसून आलं-गेलं लिहायचं. सर उठून उभे राहिले आणि मान हलवून नाही म्हणाले. हवेच्या त्या फुसफुशीत आवाजात ते काय म्हणाले ते मीच साहेबांना सांगितलं: मी ऐकू जाईल असं करतो, मला वेळ द्या. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि निर्णय वर ढकलला. दिवाळीनंतर संस्थेचे सेक्रेटरी स्वतः येऊन शेवटच्या बाकावर बसतील. त्यांना ऐकू आलं तर वर्ग सरांचा. नाही आलं तर स्टोअर.

त्या माणसाला फळ्यासमोर उभं राहण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं हो. शेती भावाकडं गेलेली, पत्ते खेळायचे नाहीत, देवळात जायचे नाहीत, टीव्ही लावला तर त्याच्या पाठीमागं जाऊन बसायचे. वर्ग गेला तर काय उरणार होतं?

मी माझ्या भावाला सांगून हैदराबादहून एक तयार माइक मागवला. कॉलरला चिमटा, कमरेला डबा, डब्यातच स्पीकर. सरांनी तो अंगावर चढवण्याआधी उघडला, आत बघितलं, आणि नवरी बघायला जाऊन भलतीच समोर आल्यासारखं तोंड केलं. तरी माझ्या शब्दाखातर वर्गात लावून गेले. आवाज मोठा व्हायचा, नाही असं नाही. पण एवढ्याशा आवाजाला एवढा फुगवायचा म्हटल्यावर बाकीचंही सगळं फुगायचं. सर थांबले रे थांबले की वर्गभर स्स्स. मागच्या बाकावरच्या एका कार्ट्यानं पाय वर घेतले आणि “साप, साप” म्हणाला. पोरं हसली. सरही हसले, पण स्टाफरूममध्ये आल्यावर त्यांनी माइक काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“माझ्या दोन शब्दांच्या मधी ह्ये कोण बोलायलंय?” मी कान जवळ नेला तेव्हा ते म्हणाले. “मी माझा बनवतो.”

आणि त्यांनी बनवला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, गळ्यात पट्टा, छातीवर डबा, स्पीकरचं तोंड पोरांकडं. त्यातली करामत त्यांनी मला समजावून सांगितली ती अशी. आवाजाच्या वाटेवर एक दार ठेवायचं. सर बोलले की दार उघडायचं, सर थांबले की दार लागायचं. दार लागलं की हिस्स आतल्या आत. दार म्हणजे पुन्हा ट्रान्झिस्टरच. मी म्हटलं, “मग झालं की!”

“तुम्ही स्विचिंग,” ते म्हणाले. “तुम्हाला लगीच झालं वाटतंय.”

झालं नव्हतं. दार झटकन उघडलं की खट्ट वाजायचं. शब्दागणिक खट्ट. तहसील कचेरीत टायपिस्ट बसवल्यासारखा तो तास चालायचा. मग त्यांनी दार सावकाश उघडायला लावलं. खट्ट गेलं, पण दार उघडेपर्यंत शब्दाचं तोंड आतच राहायचं आणि धड तेवढं बाहेर यायचं. हजेरी घेताना सगळ्या वर्गाची नावं मुंडकी उडवल्यासारखी झाली. कविता म्हणजे अविता, महेश म्हणजे अहेश. पोरं मुकाट हजेरी द्यायची. पुन्हा थोडं झटकन, पुन्हा थोडं सावकाश. रोज एखादा भाग काढायचे, दुसरा लावायचे. त्यांच्या बोटांना सोल्डरचे डाग, शर्टाला राळेचा वास. मी पेपर तपासता तपासता बघायची आणि मनात म्हणायची, या माणसानं जन्मभर पोरांना जे सांगितलं तेच आता याच्या गळ्यात येऊन पडलंय.

शेवटी मधलं कुठलंतरी माप बसलं. खट्ट पार गेलं नाही, पण जीभ टाळ्याला लावावी तेवढंच राहिलं. शब्दाचं तोंडही शाबूत. पण नवीन लचांड निघालं. पंखा फिरला की दार उघडायचं. कुणी खोकलं की उघडायचं. सोयाबीनचे दिवस, बाहेर मळणीयंत्र धडधडायचं, तर दार दिवसभर सताड उघडं.

“दाराला उंबरा पायजे,” सर म्हणाले. “पंखा, कुजबूज, मळणी, समदं उंबऱ्याच्या खाली ऱ्हायलं पायजे. माझा आवाज तेवढा वर.”

त्यांनी उंबरा घातला. कितीचा, ते ठरवायला ते रोज सकाळी सगळ्यांच्या आधी कॉलेजात यायचे आणि रिकाम्या वर्गात पंखे लावून बोलून बघायचे. एकदा काही कामानं मी त्यांच्या घरी गेले, तर ते अंगणात खाटेवर बसलेले. मला बघून हात जोडले, टाळी वाजवून वहिनींना बोलावलं, चहाची खूण केली आणि पुन्हा बसले. तोंडातून एक शब्द नाही. वहिनी मला आत घेऊन गेल्या.

“कालेजातनं आले की न्हाई बोलत,” त्या म्हणाल्या. “रातभर न्हाई, सकाळी न्हाई. आवाज शिल्लक टाकायल्यात म्हनं. पुण्याहून लेकीचा फोन आला तरी कानाला लावून नुसतं बसतेत. ती तिकडनं पप्पा, पप्पा म्हणायली, आन् ह्ये गप्प.” त्यांनी चहा गाळून माझ्यापुढं ठेवला. “बाई, मला एक शब्द बोलले असते तर काय वर्ग बुडाला असता का?”

मी चहा प्याले आणि निघाले.

सेक्रेटरी आले ते सकाळच्या पहिल्या तासाला. पांढरा सफारी, मागच्या बाकावर मांडी अडकली म्हणून तिरके बसलेले. मी बाहेरच्या व्हरांड्यात जीव मुठीत धरून उभी. आणि सर बोलायला लागले. रात्रभर आणि सकाळभर साठवलेला आवाज होता तो. जुना नव्हता, त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. पण स्वच्छ होता. एक शब्द, मग शांतता. दुसरा शब्द, मग शांतता. मधे हिस्स नाही, खट्टही जवळपास नाही. सेक्रेटरींनी थोडा वेळ ऐकलं, घड्याळ बघितलं आणि उठले. “छान आहे की,” म्हणाले, “कॉम्प्युटरच्या लोकांना दाखवा हे.” प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझ्याकडं बघून डोळे पुसले. खरंच पुसले. मी म्हटलं ना, वाईट नव्हता माणूस.

पण पुढच्या आठवड्यात नवीन टाइमटेबल लागलं. सकाळचे तास कॉम्प्युटरला, इलेक्ट्रॉनिक्स जेवणानंतर. त्यात कुणाचा काही डाव नव्हता. सकाळी वीज असायची, दुपारी जायची, आणि कॉम्प्युटरला वीज लागते, एवढंच.

एके दिवशी त्यांच्या तासानंतर माझा तास होता म्हणून मी जरा आधीच दाराशी जाऊन उभी राहिले. आत बघितलं आणि क्षणभर वाटलं, माझेच कान गेले. सर फळ्यासमोर उभे. एक हात वर, तोंड चालू आहे, कपाळाला घाम, खडूनं आकृतीवर रेघ ओढतायत, पुन्हा वळून बोलतायत. आणि आवाज नाही. काही म्हणजे काही नाही. सगळा वर्ग मूर्तीसारखा बसलेला. पुढच्या बाकावरच्या तीन पोरी मान पुढं काढून सरांच्या ओठांकडं टक लावून लिहीत होत्या. सर मधेच थांबले, भुवया वर केल्या, काहीतरी विचारलं. सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं, “व्हय सर!”

त्या तिघींतली राजेश्वर गावची पोर धीट होती. तिला मी संध्याकाळी व्हरांड्यात गाठली. “काय चाललंय हे?”

तिनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाली, “म्याडम, पहिल्यांदा थोडा येळ येतंय ऐकू. मग सरांचा आवाज बसतो, आन् डबा बंद व्हतो. सरास्नी समजत न्हाई.”

उंबरा सकाळच्या आवाजाला बेतलेला होता. दुपारपर्यंत थकलेला आवाज थोड्या वेळातच त्याच्या खाली पडायचा. पंखा जिथं, मळणी जिथं, तिथंच सर. आणि त्यांना कळणार कसं? स्पीकरचं तोंड पोरांकडं, आणि स्वतःचा आवाज तर प्रत्येकाला स्वतःच्या डोक्यात ऐकू येतोच.

“मग तुम्ही व्हय कशाला म्हणता?”

“सर विचारतेत, ऐकू यायलंय का. त्येंच्या भुवया वर गेल्या की समजतंय. आम्ही पुढं बसून ओठ बघतो, जरा जरा कानावर पडतंय. लिव्हून घेतो, मग समद्यास्नी देतो. मागची पोरं श्वास धरून बसतेत, म्याडम. आवाज केला तर आमाला तेवढं बी येणार न्हाई.”

“अगं, पण सांगायचं कामून न्हाई?” माझ्याही तोंडात तिची भाषा आली.

“सांगितलं तर सर स्टोअरात जातेत,” ती म्हणाली, आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मीच त्यांना तिथं पाठवणार आहे.

मी सांगितलं नाही. पुढं हे ज्यांना ज्यांना कळलं ते म्हणाले, सांगायला पाहिजे होतं, उंबरा खाली घेता आला असता. आला असता, आणि कुजबूज, मळणी, हिस्स सगळं परत आलं असतं, आणि सेक्रेटरीही. म्हणू देत त्यांना. त्या पोरांनी जे केलं ते बरोबर केलं, आणि मी गप्प बसले तेही बरोबर केलं, असं मला आजही वाटतं. एवढंच, की ते बघवत नव्हतं.

कारण सर खुशीत होते. आवाज गेल्यापासून पहिल्यांदा खुशीत. तासावरून आले की डबा टेबलावर ठेवायचे, पाणी प्यायचे, आणि पुढं वाकून माझ्या कानाशी म्हणायचे, “म्याडम, असा वर्ग मी उभ्या जन्मात बघितलो न्हाई. आवाज व्हता तवा पोरं दंगा करायची. आता सुई पडली तर ऐकू येतंय. माप बसलं बघा. गप्प बी आन् चपळ बी.” मी पेपरात मान घालायची. लाल शाईच्या रेघा वाकड्या जायच्या.

मग एकदा तास चालू असताना डब्याची बॅटरी उतरली आणि सरांना ते तास संपल्यावर कळलं. असं पुन्हा व्हायला नको म्हणून त्यांनी झाकणाच्या वरच्या अंगाला, मान खाली घातली की दिसेल असा, एक बारीक लाल दिवा बसवला. दार उघडलं की दिवा लागणार, दार मिटलं की विझणार. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला तो दाखवला. हळूच डब्यावर टिचकी मारली, दिवा लागला, विझला. लहान पोरासारखे हसले.

“आता मला खाली बघितलं की समजतंय, पोरास्नी ऐकू जायलंय का न्हाई.”

मी घाईघाईनं म्हटलं, “सर, आजच कशाला लावून जाता? उद्या जा की. आज वीजही नाही, गरम होतंय.” काय वाट्टेल ते बोलले मी. पण घंटा झाली आणि ते गेले. पुढच्या पोरींना गाठावं म्हणून मी व्हरांड्यापर्यंत धावले, तर त्या आधीच वर्गात जाऊन बसलेल्या.

मी परत येऊन खुर्चीत बसले. मला तास नव्हता. वर्गाकडून काही ऐकू येत नव्हतं, पण ते तर रोजचंच. मी पेपर ओढले, बाजूला सारले. पुन्हा ओढले. बराच वेळ गेला. आणि मग एकदम सगळ्या वर्गाचा आवाज आला, “व्हय सर!” रोजच्यापेक्षाही मोठा, खणखणीत. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, दिव्याकडं लक्षच गेलं नसेल. नाहीतर आज आवाज टिकला असेल.

तासाची घंटा व्हायच्या आधीच सर आले. पट्टा मानेतून काढला आणि डबा टेबलावर ठेवला. पाणी प्याले नाहीत. मी उगाचच हसत म्हटलं, “काय सर, आज पोरं लई जोशात?”

ते माझ्याजवळ आले, टेबलाला दोन्ही हात टेकून वाकले. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

“दिवा लागंना, म्याडम. मोठ्यानं बोललो, लागंना. डब्याला काही झालं न्हाई. फळ्यावर खडू आपटलो की लागतोय.”

मी लाल पेनाचं टोपण लावलं.

“मग मी पोरास्नी विचारलो,” ते म्हणाले. “उद्यापासून मी येऊ नको का?”

बाहेर घंटा झाली. ती थांबेपर्यंत ते थांबले.

“पुढच्या बाकावरच्या पोरी खाली बघायल्या. बाकी समदे व्हय म्हणाले.”